चित्र फोनवर इतकं स्पष्ट दिसतं, मग गॅलरीत कशाला जायचं?

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी जाहीर केलं, की लूव्र संग्रहालयातल्या ‘मोनालिसा’ला स्वतंत्र दालन मिळणार आणि ते पाहायला वेगळं तिकीट काढावं लागणार. कारण उघड आहे. दिवसाला वीस हजारांच्या आसपास माणसं त्या एका चित्रासमोरून सरकत असतात. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. त्यावर काच, पुढे कठडा आणि कठड्याच्या अलीकडे फोन उंचावलेले हात. एवढा खटाटोप करून जे दिसतं त्याहून कितीतरी स्पष्ट मोनालिसा अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर दिसते. तशी सोय खुद्द लूव्रनेही करून ठेवली आहे. मार्च २०२१ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातल्या ४ लाख ८० हजारांहून अधिक कलाकृतींच्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुल्या केल्या.

मग जायचं कशाला? कलाक्षेत्रातली मंडळी हा प्रश्न ‘प्रत्यक्ष ते प्रत्यक्षच’ असं म्हणून उडवून लावतात. पण याला उत्तर म्हणत नाहीत, वैताग म्हणतात. प्रत्यक्ष पाहताना नेमकं काय वेगळं घडतं हे सांगता आलं पाहिजे, आणि ते बऱ्यापैकी सांगता येतं.

## आधी स्क्रीनची बाजू ऐकू

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे १६४२ सालचं चित्र आहे. सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयाने त्याचा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो प्रसिद्ध केला. पिक्सेल म्हणजे डिजिटल चित्रातला सगळ्यांत लहान ठिपका. असे शंभर कोटी ठिपके म्हणजे एक गिगापिक्सेल. चित्राचे ८,४३९ वेगवेगळे फोटो काढून ते संगणकावर सांधले. शेजारशेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. आपल्या रक्तातली लाल पेशीही त्याहून मोठी असते.

हा फोटो उघडून आत आत जात राहिलं की चेहऱ्याचा गाल होतो, गालाचा रंग होतो आणि रंगातल्या बारीक भेगा दिसू लागतात. संग्रहालयात चित्रासमोर दिवसभर उभं राहिलं तरी एवढं दिसणार नाही. डोळ्यांची तेवढी ताकद नाही आणि पहारेकरी तेवढं जवळ जाऊ देणार नाही. तेव्हा स्क्रीनवर तपशील कमी दिसतो ही तक्रार पहिल्या फेरीतच बाद होते. स्क्रीनवर तपशील जास्त दिसतो. घोटाळा दुसरीकडे आहे.

## फोटो म्हणजे आधीच ठरवून टाकलेलं उत्तर

कबुतराची मान आठवा. ते जरा वळलं की हिरवी मान जांभळी होते. तिचा फोटो काढला तर कितीही महागडा कॅमेरा असला तरी एकच काहीतरी मिळतं, हिरवी किंवा जांभळी. फोटो चुकीचा नसतो, पण ‘वळलं की बदलतं’ ही त्या मानेची खरी गंमत त्यात उतरत नाही.

चित्रांचंही असंच असतं. तैलरंगाचा थर अगदी सपाट क्वचितच असतो. काही चित्रकार रंग इतका जाड लावतात की त्याचे उंचवटे तयार होतात, आणि त्या उंचवट्यांची सावली चित्रावरच पडते. या जाड लेपणाला इम्पॅस्टो म्हणतात. काही जण उलट पातळ, पारदर्शक थरांवर थर चढवतात. प्रकाश आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. काही चित्रांवर सोन्याचा वर्ख असतो. तो समोरून मातकट पिवळा दिसतो आणि दोन पावलं बाजूला सरकलं की पेटतो. या सगळ्यात पाहणारा हलत असतो आणि चित्र त्याला प्रतिसाद देत असतं.

आता संग्रहालयात चित्राचा फोटो कसा काढतात ते पाहा. दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावतात, म्हणजे कुठे चमक येणार नाही. तरीही आली तर दिव्यांवर आणि लेन्सवर चकाकी गाळणारे फिल्टर चढवतात. हेतू चांगला असतो, चित्र सगळीकडे सारखं दिसावं. पण त्यात नेमकी ती चमक आणि ती सावली पुसली जाते. उजेड किती, कोन कुठला, कॅमेरा किती अंतरावर, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं, आणि तुमच्यापर्यंत येतो तो फक्त त्याचा निकाल. मोठं करून पाहिलं तरी तोच निकाल मोठा होतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हान्स होल्बाइनचं ‘द अँबॅसेडर्स’ हे १५३३ सालचं चित्र तर या प्रतिसादावरच बेतलेलं आहे. दोन भारदस्त पुरुष, मधे उपकरणांनी भरलेली मांडणी आणि दोघांच्या पायांशी एक ताणलेला, तिरका, करडा आकार. समोरून पाहिलं तर काही अर्थबोध होत नाही. उजवीकडे जाऊन भिंतीलगत उभं राहिलं की तो आकार आवळला जातो आणि कवटी दिसते. पण त्या जागेवरून ते दोघं पुरुष नीट दिसत नाहीत. दोन्ही एकदम पाहता येत नाही, ही होल्बाइनची अट आहे. फोन तिरका धरून हा खेळ घरीही थोडाफार जमतो, हे कबूल. पण इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी चित्राशेजारीच ‘सरळ केलेली कवटी’ छापलेली असते. कोडं आणि उत्तर एकाच पानावर.

## माप हरवतं, आणि त्यासोबत आणखीही काही

साल्वादोर दालीचं ओघळलेल्या घड्याळांचं प्रसिद्ध चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, साधारण लॅपटॉपएवढं. पिकासोचं ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. फोनवर दोन्ही एकाच रुंदीची होतात. एक वाकून पाहायचं, दुसरं मान फिरवत, चालत पाहायचं, हा फरक अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात संपतो. ‘नाइट वॉच’मधली माणसं जवळजवळ खऱ्या माणसाएवढी आहेत, फोन आडवा धरला तरी त्यांची डोकी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची उरतात.

यात काय बिघडलं, लहान करून पाहिलं तरी चित्र तेच ना? नेहमीच नाही. जॉर्ज सराचं ‘ग्रांद जात बेटावरची रविवार दुपार’ हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. सराने रंग पॅलेटवर कालवायचं बरंचसं टाळलं. शुद्ध रंगांचे बारीक ठिपके आणि छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवले, की दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते मिसळावेत. जवळ गेलं की ठिपके सुटे होतात, मागे सरलं की गवत होतं. मधे एक अंतर असं येतं की ठिपके धड सुटेही नसतात आणि धड मिसळलेलेही नसतात, आणि सगळा पृष्ठभाग थरथरल्यासारखा वाटतो. हा अनुभव हाच त्या चित्राचा विषय आहे, असं मी म्हणेन.

आता हेच तीन मीटर हजारेक पिक्सेल रुंदीच्या फोनवर बसवा. एका पिक्सेलच्या वाट्याला कॅनव्हासचे साधारण तीन मिलिमीटर येतात. तेवढ्या जागेत दोन-तीन वेगळे रंग असले तर सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढून एकच रंग दाखवतं. म्हणजे जे मिसळण्याचं काम सराने तुमच्या डोळ्यांवर सोपवलं होतं, ते फोनने परस्पर उरकून टाकलं. मोठं केलं की ठिपके दिसतात, पण मग चित्र दिसत नाही. मधलं ते थरथरणारं अंतर दोन्हींत कुठेच लागत नाही.

## रंगाची गोष्ट

साध्या स्क्रीनवर कोणते रंग दाखवायचे याची सगळ्यांत प्रचलित व्यवस्था ‘एसआरजीबी’. ती १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एचपी यांनी त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांसाठी आखली. डोळ्यांना दिसू शकणाऱ्या रंगछटांचा जो नकाशा शास्त्रज्ञ वापरतात, त्याचा साधारण एक तृतीयांश भाग या व्यवस्थेत बसतो. नव्या फोनांचा आवाका मोठा आहे, पण नकाशा त्यांनाही पुरत नाही.

बहुतेक चित्रांचं यामुळे फारसं अडत नाही. ईव्ह क्लाइनचं मात्र अडतं. या फ्रेंच चित्रकाराने एक गडद निळा रंग बनवून घेतला आणि १९६० मध्ये त्याच्या कृतीची रीतसर नोंद केली. रंगाची कोरडी पूड अतिशय देखणी असते, पण तेलात कालवली की निस्तेज होते. क्लाइनने असा बंधक पदार्थ वापरला की पूड चिकटते तरीही पूडच वाटते. तो निळा साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे स्क्रीन जवळचा कुठलातरी निळा दाखवते, आणि तुम्हाला वाटतं, एवढ्या साध्या निळ्या फळीचं कौतुक कसलं!

शिवाय कॅनव्हास खोलीतला उजेड परतवतो, तर स्क्रीन स्वतःच उजेड फेकते. म्हणून अंधारी चित्रं फोनवर आहेत त्याहून तेजस्वी दिसतात आणि गॅलरीत गेल्यावर पुष्कळांची निराशा होते. ती निराशा खोटी नसते. डोळ्यांना दुसऱ्याच उजेडाची सवय लागलेली असते, आणि ती मोडायला पाच-सात मिनिटं द्यावी लागतात.

## “हा सगळा मनाचा खेळ आहे, उत्तम नक्कल लावली तर फरक कळणारही नाही”

या आक्षेपात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या चित्रांवर झालेल्या एका अभ्यासात लोकांनी मूळ चित्रं, स्लाइड आणि संगणकावरची चित्रं पाहिली. रचना, समतोल अशा गोष्टींबद्दलची मतं तिन्हींत बरीचशी सारखी निघाली. मेंदू ‘ही नक्कल आहे’ हे धरून चालतो आणि मूळ चित्र कसं असेल याचा अंदाज बांधतो. म्हणूनच पुस्तकांतल्या काळ्या-पांढऱ्या छपाईवरून पिढ्यान्‌पिढ्या चित्रकला शिकल्या.

फरक पडतो तो आवडण्यात आणि आठवणीत. व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी एकच प्रदर्शन काही जणांना संग्रहालयात दाखवलं आणि काहींना प्रयोगशाळेत संगणकावर. संग्रहालयात पाहणाऱ्यांना चित्रं जास्त रंजक वाटली, जास्त आवडली आणि नंतर जास्त आठवलीही. आठवताना त्यांना जागेचा आधार मिळत होता: हे चित्र दाराजवळचं, ते कोपऱ्यातलं. स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच चौकटीत येऊन जातात, तिथे कोपरा कुठला असणार?

२०२४ मध्ये हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयाचा एक अभ्यास बराच गाजला. मूळ चित्र पाहताना मेंदूतला भावनिक प्रतिसाद पोस्टर पाहण्यापेक्षा दहापट असतो, अशी त्याची बातमी झाली. हा आकडा मी जपूनच वापरेन. त्यात फक्त वीस माणसं होती, अभ्यास संग्रहालयानेच करवून घेतला होता आणि तुलना पोस्टरशी होती, स्क्रीनशी नव्हे. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. डच चित्रकार फर्मेरच्या ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुली’वर लोकांची नजर डोळा, ओठ, मोती आणि परत डोळा अशी गोल गोल फिरत राहते, हे त्यात नोंदलं गेलं.

## “पण गॅलरीत तरी धड कोण पाहतं?”

फारसं कुणी नाही. मेट्रोपॉलिटनमध्येच केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका नावाजलेल्या चित्रासमोर माणूस सरासरी २७ सेकंद थांबत होता. निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. तीच पाहणी पुढे शिकागोत झाली, तिथे सरासरी २९ सेकंदांच्या घरात होती. त्यात आता सेल्फीचाही वेळ धरावा लागतो.

फोटो काढण्याचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो हे अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल यांनी तपासलं. त्यांचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: संग्रहालयात ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखादा भाग जवळ घेऊन फोटो काढायला सांगितला तेव्हा हा तोटा झाला नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी आणि ‘फोटो आहे ना, नंतर बघू’ या वृत्तीचा जास्त.

घरी निवांत बसून पाहणाऱ्याची बाजूही भक्कम आहे. करोनाच्या काळात व्हिएन्नातल्याच संशोधकांनी लोकांना इंटरनेटवर क्लोद मोनेची कमळांची चित्रं पाहायला दिली. थोडा वेळ पाहिल्यावरही मन हलकं झालं, चिंता कमी झाली, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळलं. तेव्हा गर्दीत वीस सेकंद की घरी वीस मिनिटं, असा सरळ सामना असेल तर मी घर निवडेन. तसा सामना दर वेळी नसतो, एवढंच. संग्रहालयातलं सगळं पाहायचा हट्ट सोडून तीन-चार चित्रं निवडली आणि घरून त्यांचे तपशील पाहून गेलं, तर तिथे फक्त स्क्रीनवर न दिसणारं पाहायला वेळ उरतो.

## जिथे जाताच येत नाही

प्रवास, व्हिसा, तिकीट, जिने, अधू नजर. जगातल्या बहुतेक लोकांसाठी बहुतेक कला कायमच लांब होती. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये पावणेचार लाख फोटो कुणीही कसेही वापरावेत म्हणून मोकळे केले, त्याचं मोल त्या लोकांना विचारावं.

काही ठिकाणी तर तिथे पोचूनही दर्शन नाही. कागदावरचे जलरंग उजेडाने उडतात, म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. सर्वसाधारण ऑफिसात तो ३०० ते ५०० असतो. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार इंग्रज चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रं १९०० मध्ये एडिंबराच्या संग्रहालयाला मिळाली ती या अटीवर, की ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे तेव्हा ऊन सगळ्यांत मंद असतं. ही अट पाळली गेली, आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्या चित्रांचे रंग ताजे आहेत. फेब्रुवारीत तिथे पोचलात तर स्क्रीनवरच समाधान मानायचं.

फ्रान्समधल्या लास्को गुहेतली प्रागैतिहासिक चित्रं १९६३ पासून सर्वसामान्यांसाठी बंद आहेत, कारण पाहणाऱ्यांच्या श्वासानेच ती बिघडत होती. पर्यटक शेजारची प्रतिकृती पाहून येतात.

प्रतिकृतीला नाक मुरडणाऱ्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक फेरी मारावी. तिथे १८७३ पासून प्लॅस्टरच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत, त्यांत रोमच्या प्राचीन ट्राजन स्तंभाचीही आहे. रोममधला मूळ स्तंभ नंतरच्या प्रदूषणाने झिजला, त्यामुळे काही तपशील आज या प्रतिकृतीतच जास्त स्पष्ट आहेत.

## मूळ चित्राला फोटोनेच रंग परत दिला

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोने हार्वर्ड विद्यापीठासाठी मोठी चित्रं केली. १९६४ मध्ये ती तिथल्या भोजनकक्षात लागली. खोलीला मोठ्या खिडक्या होत्या आणि रॉथकोने वापरलेला ‘लिथॉल रेड’ हा लाल उन्हात टिकणारा नव्हता. किरमिजी रंगाचं फिकट निळं होत गेलं आणि १९७९ मध्ये चित्रं गोदामात गेली. रॉथकोच्या उघड्या, वार्निश नसलेल्या पृष्ठभागावर नवा रंग लावणं म्हणजे चित्रच बदलणं.

मग वाट निघाली ती अशी. १९६४ मधल्या रंगीत स्लाइड होत्या. त्याही फिकट झाल्या होत्या, पण त्यांचे रंग संगणकावर सावरता आले. मूळ रंग आणि आजचा रंग यांतला फरक प्रत्येक ठिपक्यासाठी काढला आणि तेवढाच प्रकाश प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयात लोकांना ती चित्रं पुन्हा किरमिजी दिसली, कॅनव्हासला हातही न लावता. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत, म्हणजे खाली काय उरलं आहे तेही दिसे. यातलं अस्सल काय आणि नक्कल काय, हे ठरवणाऱ्याने ठरवावं.

## आणि स्क्रीनसाठीच केलेली कला?

जी कलाकृती मुळात डिजिटल फाइल आहे तिला घरीच पाहावं, हे वरवर पटतं. पुष्कळदा खरंही असतं. गॅलरीतल्या अंधाऱ्या खोलीत, पाठ न टेकवता येणाऱ्या बाकावर, अर्धा संपलेला व्हिडिओ मधूनच पाहण्यात काही पुण्य नाही. आभासी वास्तवाचे चष्मेही आता माप आणि हालचाल थोडीफार परत देतात. मात्र त्यातही प्रकाश कसा परतायचा ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं असतं.

तरी क्रिश्चन मार्कलेचं ‘द क्लॉक’ पाहा. २०१० मध्ये आलेली ही चोवीस तासांची व्हिडिओ कलाकृती चित्रपटांतल्या हजारो तुकड्यांची आहे. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात घड्याळ दिसतं किंवा वेळेचा उल्लेख येतो, आणि पडद्यावरची वेळ पाहणाऱ्याच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते. ही सगळी फाइलच आहे, इंटरनेटवर टाकायला तांत्रिक अडचण काही नाही. पण ती संग्रहालयांतच दाखवली जाते आणि पहाटे तीनचा भाग पाहायचा तर संग्रहालयाला पहाटे तीनला दार उघडं ठेवावं लागतं. काही संग्रहालयांनी तसं ठेवलंही.